सही तिची, नागरिकत्व कुणाचं? लग्नाच्या ग्रीन कार्डाची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या जेवणाच्या टेबलापासून करतो. गेले दोन महिने त्या टेबलावर जेवायला जागा नाही. सगळीकडे कागद.

मी इथे अमेरिकेत एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलो. पुण्यात बीटेक, थोडी वर्षं नोकरी, मग इथे मास्टर्स. बायको इथलीच, अमेरिकन नागरिक. लग्नाला वर्ष होत आलंय आणि आता त्या लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्डाचा अर्ज भरतोय. तिने भरायचा आय-१३०: हा माझा नवरा आहे. मी भरायचा आय-४८५: मला इथला कायमचा रहिवासी करा. परत तिचंच आय-८६४: याचा खर्च सरकारवर पडू देणार नाही, ही हमी. शिवाय कामाच्या परवानगीचा वेगळा, प्रवासाच्या परवानगीचा वेगळा, डॉक्टरच्या तपासणीचा वेगळा.

यातला एक प्रश्न वाचून आम्ही दोघं हसलो. तुम्ही इथे येऊन एकापेक्षा जास्त लग्नं करणार आहात का? आता कोण 'हो' लिहिणार? पण माझी सवय वाईट. जुन्या कोडमध्ये विचित्र कंडिशन दिसली की मी ती कुणी, कधी आणि का टाकली ते शोधतो. हा प्रश्न निघाला १८९१ च्या कायद्यातला. बहुपत्नीत्ववाल्यांना देशात घ्यायचं नाही, असं तेव्हा ठरलं होतं. मग मी म्हटलं, चला, अख्ख्या अर्जावरच 'गिट ब्लेम' चालवू.

आणि मी पोचलो १९०७ सालात.

त्या वर्षी अमेरिकेत कायदा झाला की अमेरिकन बाईने परदेशी पुरुषाशी लग्न केलं, तर नवऱ्याचं नागरिकत्व तेच तिचं. म्हणजे तिचं अमेरिकन नागरिकत्व गेलं. पुरुषाला हा नियम नव्हता. त्याने परदेशी बाई केली तर त्याचं काही जायचं नाही. उलट १८५५ च्या कायद्याने, ती पात्र असेल तर, तीच अमेरिकन व्हायची.

कॅलिफोर्नियात एथेल मॅकेंझी नावाची बाई होती. जन्म तिथलाच, बायकांच्या मताधिकारासाठी काम केलेली. नवरा ब्रिटिश प्रजाजन. कॅलिफोर्नियात १९११ मध्ये बायकांना मत मिळालं, आणि १९१३ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. तिथे कळलं की तू अमेरिकन नाहीसच. केस सुप्रीम कोर्टात गेली. १९१५ मध्ये कोर्ट म्हणालं, लग्न तू तुझ्या मर्जीने केलंस, परिणाम माहीत असताना केलंस. संपला विषय.

पुढे बायकांना देशभर मत मिळालं आणि १९२२ मध्ये केबल कायद्याने हा नियम बदलला. लग्न केलं म्हणून नागरिकत्व जाणार नाही. पण एक अपवाद ठेवला: नवरा 'नागरिकत्वास अपात्र' परदेशी असेल तर मात्र जाणार. अपात्र कोण? मुख्यतः आशियाई लोक. कारण नागरिकत्व फक्त गोऱ्या आणि आफ्रिकन वंशाच्या माणसांना मिळायचं.

आता आपली एंट्री. भगतसिंग थिंड, पंजाबचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याचं म्हणणं, मी आर्य वंशाचा, म्हणजे गोरा. फेब्रुवारी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, भारतीय नाही. एका निकालात सगळे भारतीय 'अपात्र' झाले. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही सरकार काढून घ्यायला लागलं.

त्यातले एक तारकनाथ दास. बंगाली क्रांतिकारक, तरुणपणी इथे आलेले, आपले पांडुरंग खानखोजे ज्या वर्तुळात होते त्यातलेच. १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते. १९२४ मध्ये त्यांनी मेरी कीटिंग मोर्स या अमेरिकन बाईशी लग्न केलं. थिंडच्या निकालाने दास अपात्र ठरले, आणि अपात्र माणसाशी लग्न केलं म्हणून मेरीचं नागरिकत्व गेलं. तिला तर दुसऱ्या देशाचं नागरिकत्वही मिळालं नाही. १९२६ मध्ये तिने 'द नेशन' साप्ताहिकात यावर लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ साधारण असा: देश नसलेली बाई. १९३१ मध्ये केबल कायद्यातला तो अपवाद निघाला.

हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती आय-१३० वर सही करायच्या बेतात होती. पेन खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मी तुझ्याशी लग्न केलं असतं तर?" म्हटलं, तर तूच माझ्यासारखी अर्ज भरत बसली असतीस.

मग चक्र उलटं फिरलं कसं? पटकन सांगतो. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा. १९५२ च्या कायद्याने नवरा आणि बायको दोघांनाही सारखी वागणूक दिली. आय-४८५ मध्ये आपण जे करतो, म्हणजे देश न सोडता आतल्या आत दर्जा बदलणं, तेही त्याच कायद्यातलं. आणि १९६५ मध्ये नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक मर्यादेतून पूर्ण बाहेर ठेवलं. म्हणून नोकरीच्या रांगेत माझे भारतीय मित्र वर्षानुवर्षं थांबलेत आणि मला रांगच नाही. हे त्यांच्यासमोर बोलताना अजूनही अवघडतं.

पण जिथे रांग नसते तिथे संशय असतो. बाकीची दारं अरुंद आणि हे एकच सताड उघडं, मग खोटी लग्नं होणारच. १९५३ मध्येच असं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात आलं होतं. १९८६ मध्ये तर खास कायदा झाला: ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं, पुढे दोघांनी परत अर्ज करून लग्न खरं असल्याचं दाखवायचं. तो कायदा होण्याआधी खात्याने संसदेला सांगितलं होतं की अशी सुमारे ३० टक्के लग्नं संशयास्पद आहेत. तो आकडा ज्या पाहणीतून आला ती भरवशाची नव्हती, हे नंतर उघड झालं. कायदा मात्र राहिला. आम्हालाही तेच दोन वर्षांचं कार्ड मिळेल, मिळालं तर.

आता आमची खरी अडचण. लग्नानंतर चार महिने बायको नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होती. दोन पत्ते, दोन भाडेकरार. अर्जात पाच वर्षांचे सगळे पत्ते तारखांसकट लिहावे लागतात. त्यातच तेव्हा आमचं बिनसलंही होतं. दोन आठवडे धड बोलणं नव्हतं. मला वाटलं, ते महिने कसे तरी झाकावेत, हसरे फोटो जास्त लावावेत.

तेव्हा मला बार्कची केस सापडली. कोरियाहून आलेला माणूस, आधी व्हिजिटर म्हणून, मग माझ्यासारखाच स्टुडंट म्हणून. हवाईत जुन्या प्रेयसीशी १९६९ मध्ये लग्न केलं. नंतर भांडणं झाली, दोघं वेगळे राहिले. खातं म्हणालं, वेगळे राहिले म्हणजे लग्न खोटं. १९७५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की प्रश्न एकच आहे: लग्न करताना दोघांचा एकत्र आयुष्य काढायचा इरादा होता का? वेगळं राहणं एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही. आणि परदेशी माणसाचं लग्न नागरिकांच्या लग्नापेक्षा जास्त आदर्श असावं, अशी अपेक्षा करता येणार नाही.

मी वकील नाही, हे सांगून ठेवतो. पण ते वाचून खांद्यावरचं ओझं उतरलं. आम्ही दोन्ही पत्ते लिहिले. सोबत साध्या भाषेत एक पान जोडलं: का वेगळे होतो, दर दुसऱ्या शनिवारी कोण कुणाकडे गेलं, बसची तिकिटं. भांडणाचं पण एक वाक्य आहे. ते बायकोनेच लिहिलं.

आय-१३० मध्ये एक जागा मला फार आवडली. आपली लिपी रोमन नसेल तर नाव आणि गावचा पत्ता आपल्या लिपीत लिहा, म्हणतात. अख्ख्या गठ्ठ्यात तेवढंच मी देवनागरीत लिहिलं.

लखोटा परवा पाठवला. आता प्रवासाची परवानगी हातात येईपर्यंत मी देश सोडू शकत नाही. सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. आजी ८४ वर्षांची आहे, तिने नातसून अजून फोनवरच बघितलीय. फोनवर दर वेळी विचारते, "कागद झाले का रे?" तिला काय सांगणार? म्हणतो, "होतायत, आजी."

मेरी आणि तारकनाथ दास यांनी पुढे, १९३५ मध्ये, एक फाउंडेशन काढलं. इथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना त्यातून मदत मिळत आली. ज्या लग्नापायी तिचा देश गेला, त्या लग्नातून हे उभं राहिलं.

जाता जाता एक काम सांगतो. घरी फोन करा आणि तुमच्या जन्मदाखल्यावर तुमचं नाव आहे का ते बघायला सांगा. माझ्या दाखल्यावर तो रकाना कोरा होता. बाबांना चार खेपा घालाव्या लागल्या.

भेटू पुढच्या भागात.