बाईंच्या पंगतीला या

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून केडगावला उतरा. साल १९००, दुष्काळाचं. पाय टेकताच झळ तोंडावर येते, तळवे पोळतात, दातांत धूळ करकरते. सावली शोधू नका, चालू लागा. लांबून जो गलका ऐकू येतोय, तिकडेच आपल्याला जायचंय. निराधार स्त्रिया-मुलींना आसरा देणारं पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन तेच.

आत शिरताच आधी वास येतो. घाम, खरजेवरचं औषध, अंगावर कुजलेल्या चिंध्या. नाक दाबू नका. या मुली गुजरातेतून आल्यात, कालपरवापर्यंत रस्त्यावर होत्या. एक जण तुमचं बोट धरते आणि सोडतच नाही. तिच्या मनगटाला हाडाशिवाय काही लागत नाही. ती काय बोलते ते तुम्हाला कळत नाही, पण ती कुठे बघतेय ते कळतं. चुलींकडे.

चला तिकडे. धुरानं डोळे चुरचुरतात, भाकऱ्या थापण्याचा आवाज थांबतच नाही, डाळीचा वास पोटात खड्डा पाडतो. जेवायला जवळजवळ दोन हजार माणसं आहेत. आता तुमच्या मनात हिशेब सुरू झाला असेल. रोज इतकं धान्य, इतकं सरपण, इतकं कापड, पैसा कुठून येतो? मागे कुठल्या चर्चचा बांधलेला पगार नाही, व्याजावर चालावं अशी ठेव नाही. टपालानं रकमा येतात, कधी मोठ्या, कधी अगदी लहान, पुष्कळदा समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांकडून. उद्याच्या टपालात काय असेल ते कोणालाच ठाऊक नाही. बाई ते देवबापाकडे मागतात आणि कामाला लागतात.

त्या बघा, पांढरं लुगडं, आखूड कापलेले केस. भूक त्यांनी पुस्तकातून शिकलेली नाही. कोवळ्या वयात आईवडिलांबरोबर तीर्थांमागून तीर्थं हिंडल्या, जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतांत संपला, मग दुष्काळात झाडपाल्यावर दिवस काढले. आई, वडील, बहीण, तिघंही गेली. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरविषयी वाचलं. हजारो अनाथ मुलं सांभाळताना पैशाची मागणी माणसांपुढे न ठेवता फक्त देवापुढे ठेवणारा माणूस. आपल्या देशात असं का होऊ नये, हा विचार बाईंच्या मनात घर करून बसला.

पण इथे हात जोडून बसलेलं कोणी दिसतंय का? पहाटेची प्रार्थना झाली की मागांचा खटखटाट सुरू होतो, बागेत कुदळी पडतात, विहिरी खणल्या जातात. विहिरीच्या काठावर जरा थांबा, दगडाचा गारवा तळव्यांना लागू द्या. दिवसभर माणसं आणि गुरं उपसतात, संध्याकाळी पोहरा तळाच्या गाळाला लागतो. सकाळी पुन्हा पाणी आलेलं असतं. बाईंनी स्वतः हे देवाची कृपा म्हणून लिहून ठेवलंय, आणि इथे दोरखंड ओढून हाताला फोड आलेला माणूस त्यावर वाद घालणार नाही.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. बाईंनी आधी शिल्लक मोजून मग मुली आणायच्या ठरवल्या असत्या, तर तुमचं बोट धरणारी ही मुलगी आज रस्त्याच्या कडेला असती. त्यांनी आधी मुली आणल्या. पैशावर भरवसा ठेवणाऱ्याला हे कधीच जमलं नसतं, कारण दुष्काळात पैसा कधी पुरेसा होतच नाही.

आता उठा, पाहुणचार पुरे झाला. फाटकाशी चाकं करकरतात, बैलगाडीतून आणखी मुली उतरताहेत. कोणीतरी तुमच्या हातात परात देतं आणि जात्याकडे बोट दाखवतं. पीठ संपत आलंय. ही मुलगी तुमच्याबरोबर येईलच, तिला शेजारी बसवा, खुंट्याला तिलाही एक हात लावू द्या आणि दळायला लागा.