मोबाईलची बॅटरी आणि मालकाचा हात

रॉकेलच्या कंदिलाची वात जळून संपली म्हणून कोणी कंदील उकिरड्यावर टाकीत नसे. बाजारांतून नवी वात आणावी, कंदिलांत ओंवावी आणि पुन्हां उजेड करावा, हें काम घरांतील पोरही करी. विजेरीचे सेल संपले तर झांकण फिरवून नवे घालावे. सायकलची ट्यूब कुजली तर टायर उतरवून दुसरी बसवावी. ज्या वस्तूचा एखादा भाग झिजणारच असतो, तो बदलण्याची सोय त्या वस्तूंतच असावी, हा व्यवहार इतका सर्वमान्य होता कीं, तो कोठें लिहून ठेवण्याची गरज कोणास भासली नाहीं. ती गरज पुढें भासली, आणि तिला कारण झाली खिशांतल्या मोबाईलची बॅटरी.

मोबाईल जन्मास आला तेव्हां ही अडचण नव्हती. ३ एप्रिल १९७३ रोजीं मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातांतील फोनवरून पहिलें संभाषण केलें. दहा वर्षांनीं, १९८३ सालीं, त्या जातीचा फोन अमेरिकेंत विक्रीस आला. किंमत ३,९९५ डॉलर, आणि बोलणें मात्र सुमारें अर्ध्या तासाचें! त्यानंतर पाठीवरची बॅटरी काढून दुसरी भरलेली लावतां येई.

१९९१ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें लिथियम-आयन बॅटरी बाजारांत आणिली. ती वजनानें हलकी, पण साठवणीनें मोठी. ज्यांच्या संशोधनांतून ती सिद्ध झाली, त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तथापि ह्या बॅटरीसही म्हातारपण चुकलेलें नाहीं. ती भरतांना लिथियमचे कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात व वापरतांना परत येतात; प्रत्येक खेपेस त्यांतील कांहीं ध्रुवावर जमणाऱ्या थरांत अडकून निकामी होतात. अशा कांहीं शें खेपा झाल्या म्हणजे बॅटरीची साठवण उतरते. फोनचा पडदा शाबूत असतो, आंतली यंत्रणा शाबूत असते. थकते ती बॅटरी.

सन २००३ मध्यें निघालेला नोकियाचा ११०० हा फोन भारतांत खेडोपाडीं पोंचला. त्याचें मागचें झांकण हातानें उघडे आणि बीएल-५सी नांवाची बॅटरी बोटानें उचलून बाहेर येई. ऑगस्ट २००७ मध्यें नोकियानें जाहीर केलें कीं, मात्सुशिता कंपनीनें डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ ह्या मुदतींत केलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या भरतांना फाजील तापण्याचा संभव आहे. भारतांत मोठी घबराट उडाली. परंतु उपाय कोणता होता? मालकानें झांकण उघडावें, बॅटरीवरील क्रमांक पाहावा, आणि ती सदोष निघाल्यास बदलून घ्यावी. फोन व त्यांतील नांवें-निरोप मालकापाशींच राहिले. दोष कोट्यवधि नगांत पसरलेला, पण तो दूर करणें प्रत्येकाच्या हातचें होतें.

त्याच वर्षीं, २९ जून रोजीं, अमेरिकेंत ॲपल कंपनीचा आयफोन विक्रीस आला. त्यास मालकानें उघडण्याजोगें झांकणच नव्हतें. बॅटरी बदलावयाची तर फोन कंपनीच्या स्वाधीन करावा लागे. ह्यास कारणें होतीं, व तीं सर्वस्वीं खोटीं नव्हतीं. सुट्या बॅटरीस स्वतःचें कठीण कवच लागतें, झांकणास जागा लागते. बंद फोन त्यामुळें पातळ करतां येतो. पाणी व धूळ अडविणेंही सोपें जातें. मात्र पाण्याचें कारण किती सबळ, हें सॅमसंगच्या दोन फोनांवरून दिसतें. २०१४ सालच्या गॅलेक्सी एस-५ चें झांकण हातानें उघडे, आणि तरीही तो पाण्यांत तग धरी. २०१५ सालचा एस-६ कायमचा बंद झाला, पण पाण्यापासून संरक्षण मात्र त्यास नव्हतें! पुढें बहुतेक कंपन्यांनीं हीच वाट धरिली. बॅटरी डिंकानें चिकटविली, पाठीस कांच लाविली. मग ती कांच तापवावी, डिंक सोडवावा, तेव्हां बॅटरी हातीं लागावी, अशी चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी अवस्था झाली.

ह्या बंदिस्तपणाची खरी किंमत २०१६ सालीं कळली. सॅमसंगचा गॅलेक्सी नोट-७ ऑगस्टमध्यें विक्रीस आला आणि लागलीच त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊं लागल्या. २ सप्टेंबर रोजीं कंपनीनें सुमारें २५ लक्ष फोन माघारीं बोलाविले. बदली दिलेले फोनही पेटले, तेव्हां ऑक्टोबरांत तो फोनच कायमचा बंद करावा लागला. दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या बॅटऱ्यांत दोन निरनिराळे दोष होते, असें जानेवारी २०१७ मध्यें कंपनीनें सांगितलें. दोष बॅटरीचा, पण ती वेगळी करतां येत नसल्यानें परत जावें लागलें संपूर्ण यंत्रास. नऊ वर्षांपूर्वींच्या नोकियाच्या प्रसंगाशीं हा प्रसंग ताडून पाहावा.

पुढच्याच वर्षीं, डिसेंबरांत, ॲपलनें मान्य केलें कीं, जुन्या बॅटरीचे फोन अकस्मात् बंद पडूं नयेत म्हणून त्यांचा वेग मुद्दाम कमी केला जात होता. लोकांचा रोष पाहून बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणिला गेला. फोन जुना झाला अशा समजुतीनें नवा घेण्यास निघालेल्या ग्राहकांस तेव्हां कळलें कीं, म्हातारा झाला होता तो फोनचा एक भाग, फोन नव्हे.

ह्या अनुभवांनंतर युरोपांत कायदा झाला. १४ जून २०२३ रोजीं युरोपीय संसदेनें बॅटऱ्यांविषयींचा नियम ५८७ विरुद्ध ९ मतांनीं संमत केला. त्याचें ११ वें कलम सांगतें कीं, उपकरणांतील लहान बॅटरी बाजारांत सहज मिळणाऱ्या हत्यारांनीं मालकास स्वतः काढतां व बसवितां आली पाहिजे. त्यासाठीं उष्णता वा द्रावक लागतां कामा नये. आणि त्या उपकरणाची विक्री थांबल्यावरही निदान पांच वर्षें सुटी बॅटरी वाजवी किंमतींत मिळाली पाहिजे. अंमलासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरली. स्मार्टफोनांसाठीं निराळा नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. त्यांत एक मुभा आहे: जी बॅटरी १,००० वेळां भरूनही ८० टक्के साठवण राखील व जो फोन पाण्यांतही टिकेल, त्याची बॅटरी कारागिराकरवीं बदलण्याजोगी असली तरी चालेल. मालकास कुलूप लावावयाचें असेल, तर आंतला माल टिकाऊ असल्याची जबाबदारी कारखानदारानें घ्यावी, असा हा न्याय आहे.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेंही जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काची चौकट आंखण्यासाठीं एक समिति नेमिली, व शेतीच्या अवजारांबरोबर मोबाईलचाही तींत विचार घेतला. ज्या देशांत कोपऱ्यावरचा कारागीर छोट्या पेचकसानें फोन उघडून बसलेला असतो, तेथें ह्या हक्कावर ग्राहकाचा पैसा जसा अवलंबून आहे, तशीच त्या कारागिराची भाकरीही अवलंबून आहे.

विकत घेतलेली वस्तु उघडतां येत नसेल, तर मालकी अर्धीच राहते. कंदिलाच्या काळीं घरांतील पोरास जें जमे, तें मोठ्या माणसांस पुन्हां करतां यावें म्हणून अखेर कायद्याचें एक कलम लिहावें लागलें.