पायांखालचा इतिहास

इतिहासाचे अभ्यासक शिलालेख वाचतात, तसबिरी न्याहाळतात. पायांखालच्या जमिनीकडे मात्र सहसा त्यांची दृष्टी जात नाही. वस्तुतः बडोद्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील स्थित्यंतरे या जमिनीवरही उमटलेली आहेत.

१८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या धर्तीच्या मोझाइकची आहे. तेथे राजवैभवाचे दर्शन अभिप्रेत होते. त्याच सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालय-योजनेसाठी अमेरिकेहून बॉर्डन यांना पाचारण केले. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील ग्रंथभांडाराच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे. वरचा उजेड तीतून खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो. एके ठिकाणी शोभा, दुसऱ्या ठिकाणी वाचकाची सोय! प्रयोजन ओळखून जमिनीची निवड करावी, हा धडा या दोन वास्तूंनी घालून दिला आहे.

सामान्यांच्या घरी शेणाने सारवलेली जमीन असे. पुढे शहाबादी फरशी आली, आणि तिच्या मागोमाग नक्षीची सिमेंट फरशी. ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंटचा थर देऊन ती यंत्राने दाबतात व पाण्यात मुरवतात. विलायती फरशीला स्वदेशी पर्याय म्हणून १९२२ मध्ये मुंबईत ‘भारत टाइल्स’ कंपनी निघाली. भाजलेल्या मातीच्या उद्योगाचा पाया सौराष्ट्रात थान येथे घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ अग्रणी होते, ही गोष्ट गुजरातेतील मराठी वाचकाने विसरू नये. आज मोरबीची फरशी देशभर जाते.

आता जीर्णोद्धाराच्या वेळी जुनी फरशी उखडून चकचकीत पोर्सेलिन घालण्याकडे संस्थांचा कल दिसतो. पोर्सेलिन अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी शोषीत नाही, हा तिचा गुण खरा. परंतु गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी सांडले की वृद्ध वाचकाचा पाय घसरतो. तेथे खरखरीत पृष्ठभागाचीच फरशी निवडावी. शहाबादी चुनखडीचा दगड असल्याने त्याला आणि सिमेंट फरशीलाही आम्ल बाधते; म्हणून ती तेजाबाने कधीही धुऊ नये. फरशी कोणतीही असो, खालचा थर पोकळ राहिला तर ती तडकते. कुशल गवंडी दोरी व पाणसळ लावून, फरशी ठोकून, तिचा आवाज ऐकूनच पुढे सरकतो.

उखडलेली जुनी नक्षी बहुधा अखंड हाती येत नाही, आणि तिचे साचेही आता क्वचितच सापडतात. म्हणून शतायुषी वास्तूंच्या विश्वस्तांनी आधी सांधे भरून, घासून, तुटक्या फरश्या तेवढ्याच बदलून पाहाव्यात. ज्या फरशीवरून वाचकांच्या चार पिढ्या ग्रंथांपर्यंत चालत गेल्या, तीही संस्थेच्या दप्तराइतकीच जपण्याजोगी आहे.