आत्मसंरक्षणाच्या हक्काची मर्यादा : वडूज व तासगाव, १९४२

माण तालुक्याच्या पश्चिमेस खटाव तालुका लागून आहे व वडूज हे त्याचे मुख्य ठाणे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथील मामलेदार कचेरीवर आलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. वडगावच्या परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. सहाच दिवसांपूर्वी, ३ सप्टेंबरला, तासगावच्या कचेरीवरही मोर्चा गेला होता. तेथे कचेरीवर तिरंगा फडकला आणि रक्तपात न होता जमाव परतला. (तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते, दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.)

अशा गोळीबाराच्या समर्थनात दोन भिन्न अधिकार ‘बचाव’ या एकाच शब्दाखाली मिसळून जातात. जमाव पांगविण्याचा अधिकार १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यातील १२७ व १२८ या कलमांचा, तो अधिकाऱ्याचा. आत्मसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेतील ९६ ते १०६ या कलमांचा. तो कोणाही व्यक्तीचा. हा दुसरा हक्क बंदूकधाऱ्यास वाटतो तितका रुंद नाही. ९९ व्या कलमानुसार बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. १०२ व्या कलमानुसार हक्क रास्त भीतीबरोबर उत्पन्न होतो व ती टिकेल तोवरच टिकतो. पाठ फिरविलेल्यावर झाडलेली गोळी म्हणूनच बचावात सहसा बसत नाही. तेव्हा संयम हा येथे हक्कधारकाचा औदार्यगुण नसून हक्काच्या व्याख्येचाच भाग आहे.

याविरुद्ध १०६ व्या कलमाचा दृष्टांत पुढे केला जातो. जमाव एखाद्यास ठार मारू पाहत आहे, त्यात लहान मुले मिसळली आहेत. गोळी झाडताना मुलांस इजा झाली तरी तो अपराध नव्हे. वाक्यरचना मात्र नीट पाहावी. गोळी झाडल्यावाचून बचाव परिणामकारक करताच येत नाही, ही अट आधी येते व सारा भार तिच्यावरच आहे. अट वगळून केलेले वाचन हा कायद्याइतकाच व्याकरणाचाही प्रमाद होय.

दोन्ही मोर्चे सर्वस्वी सारखे होते असे नव्हे. तथापि कचेरीपुढे जमाव येणे म्हणजेच बंदुकीची आवश्यकता, हे समीकरण तासगावने सहा दिवस आधीच खोटे ठरविले होते. तरीही वडूजच्या दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरासही गोळ्या चालल्या.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ९९ वे कलम तीत ३७ वे झाले, १०६ वे ४४ वे. अट तशीच आहे.