जब्याचा दगड आणि कायद्याची वही

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) हा रूढ अर्थाने गुन्ह्याचा चित्रपट नाही. त्यात खून नाही, दरोडा नाही. तरीही तो गुन्ह्याचाच चित्रपट आहे, असे माझे मत आहे. प्रश्न एवढाच की गुन्हेगार कोण? त्याचे उत्तर मात्र पडद्याबाहेर, इतिहासात शोधावे लागते.

जब्या हा कैकाडी बापाचा शाळकरी पोर. वर्गातल्या वरच्या जातीच्या शालूवर त्याचा जीव जडला आहे. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती आपली होईल, या आशेने तो रानोमाळ हिंडतो. बाप कचरू लेकीच्या लग्नाच्या पैशासाठी गावाची डुकरे धरायला कबूल होतो. डुकरामागे धावणाऱ्या या कुटुंबाला पाहून गाव हसते, शालूही हसते. डुक्कर समोर असते तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. हे कुटुंब निश्चल उभे राहते आणि डुक्कर निसटते. शेवटी जब्या दगड उचलतो. तो दगड थेट आपल्या अंगावर येतो.

हा दगड पोलिसांच्या वहीत नोंदला जाईल. गावाचे हसणे कोणत्या वहीत नोंदले जाते?

ही वही जुनी आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेपुरता होता. १९११ साली तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करता येईल असा झाला आणि १९२४ साली पुन्हा एकत्रित केला गेला. माणसाने काय केले हे पाहायचे नाही, तो कोणाच्या पोटी जन्मला हे पाहायचे, हे या कायद्याचे सूत्र. हजेरी, बोटांचे ठसे, परवानगीशिवाय फिरण्यास बंदी. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कैकाडीही कोंडले गेले. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. म्हणजे जब्याच्या वयाचा मुलगा काही करण्याआधीच गुन्हेगार ठरलेला होता. मनूने जे जन्मावर ठरवले, त्यावर साहेबाने शिक्का मारला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला. जमाती 'विमुक्त' झाल्या. परंतु मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि संशयाची नजर गावात तशीच राहिली. कैकाडी समाजातून आलेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने (१९८०) ते जगणे मराठी वाचकापुढे मांडले. त्यानंतर तेहतीस वर्षांनी 'फँड्री' आला.

मूलला हा चित्रपट वर्गात दाखवला, तेव्हा धानाच्या बांध्यांतून शिकायला आलेल्या एका मुलाने विचारले, "सर, त्यानं ॲट्रॉसिटीची केस काऊन नाही टाकली जी?" मी नेहमीसारखे गरिबी, भीती, दहशत असे उत्तर देऊ लागलो आणि थांबलो. कारण खरे उत्तर नकाशात आहे. कैकाडी ही जात विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातींच्या यादीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातही आहे, पण राजुरा तालुका वगळून. राजुरा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. उरलेल्या महाराष्ट्रात तोच कैकाडी विमुक्त जातीत मोडतो. १९७६ साली अनेक जातींवरचे क्षेत्रबंधन उठले, कैकाड्यांवरचे उठले नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. म्हणून मूलचा कैकाडी त्याचा आधार घेऊ शकतो. जब्याचे गाव विदर्भातले नाही. त्याला हा दरवाजाच नाही.

अपमान एकच, टोपली तीच, डुक्कर तेच. हद्द ओलांडली की कायदा बदलतो! निजाम गेला, इंग्रज गेला, त्यांच्या रेषा आपल्या पोरांच्या कपाळावर राहिल्या.

मी घरातला पहिला पदवीधर. कागदावरच्या एका शब्दाने माणसाला दार उघडते की बंद होते, हे मी जाणतो. म्हणून आपल्या अभ्यासकांना माझी विनंती आहे. जब्याच्या दगडाला विद्रोहाचे प्रतीक म्हणून टाळ्या वाजवून थांबू नका. ज्या याद्यांनी त्याच्या हातात दगडाखेरीज काही ठेवले नाही, त्या याद्या उघडा, वाचा आणि एकच अपमान सोसणाऱ्यांना एकच संरक्षण मागा.