देणगी, अर्ज आणि पात्रतेची अट : बंगळुरूचा इतिहास काय सांगतो

विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रकल्पांना अर्थसाहाय्य मिळवण्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न येतो : पैसा कुठून आणायचा ? प्रशासनात अनुदानांच्या फायली हाताळताना मात्र मला वारंवार जाणवले, की पैसा ही त्यातली सर्वांत अवघड गोष्ट नसते. देणारा असतो आणि गरजूही असतो. अडते ते या दोघांच्या मधल्या कागदाशी, म्हणजे अर्जाशी. अर्ज कोणी करायचा, तो कोण तपासणार, कोणत्या निकषांवर तपासणार आणि हिशेब कसा मागणार, या चार गोष्टी आधी लिहून ठेवलेल्या असतील तर छोटी देणगीही दूरवर पोचते. त्या लिहिलेल्या नसतील तर मोठी देणगीसुद्धा कोणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहते.

हे पडताळून पाहायला बंगळुरूइतके चांगले गाव दुसरे नाही. आज महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांचे हे शहर आहे, आणि भारतातील आधुनिक विज्ञान-संशोधनासाठी झालेल्या सर्वांत मोठ्या खासगी दानांपैकी एक याच शहरात रुजले. म्हणून त्या इतिहासाकडे एका प्रशासकाच्या नजरेने पाहू या.

देणगीदारच जेव्हा अर्जदार होतो

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. त्यातून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना शिष्यवृत्ती मिळे, पण ती कर्जाऊ असे. शिकून कमावता झालेल्याने रक्कम परत करायची, म्हणजे तीच रक्कम पुढच्याच्या कामी येईल. देणगीचे दान न होता अभिसरण व्हावे, ही त्यामागची दृष्टी होती.

त्यानंतर त्यांनी त्याहून मोठी योजना मांडली. भारतातच उच्च संशोधनाची संस्था उभी करायची आणि त्यासाठी मुंबईतील आपल्या मालकीच्या सुमारे तीस लाख रुपये किमतीच्या मिळकती द्यायच्या. त्या मिळकतींच्या भाड्यावर संस्था चालावी, अशी कल्पना होती. बुर्जोरजी पादशहा यांना त्यांनी युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांचा अभ्यास करायला पाठवले आणि त्या आधारे योजनेचा आराखडा तयार करून घेतला.

३१ डिसेंबर १८९८ रोजी या योजनेचे शिष्टमंडळ लॉर्ड कर्झन यांना मुंबईत भेटले. नवे व्हाइसरॉय आदल्याच दिवशी बंदरावर उतरले होते. त्यांनी दोन शंका काढल्या. अशा संस्थेत शिकण्याच्या योग्यतेचे पुरेसे विद्यार्थी मिळतील काय ? आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना काम कुठे मिळेल ?

कर्झन यांच्यावर टीका करणे सोपे आहे. पण अनुदानाचा कोणताही आजचा छापील अर्ज उघडून पाहावा. 'प्रकल्पाची गरज' आणि 'अपेक्षित फलनिष्पत्ती' हे दोन रकाने म्हणजे नेमके हेच दोन प्रश्न होत. प्रश्न गैर नव्हते. गैर होते ते उत्तरांची मुदत ठरलेली नसणे. १९०० मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांना बोलावण्यात आले. त्यांनी देशभर फिरून बंगळुरूची शिफारस केली. त्यांच्या योजनेचा खर्च जास्त वाटला, म्हणून मेलबर्नचे प्राध्यापक मॅसन आणि रूडकीचे कर्नल क्लिबॉर्न यांची समिती नेमली गेली. तिने आटोपशीर योजना सुचवली. टाटांच्या मूळ आराखड्यात देणगीची सांगड कुटुंबाच्या मिळकतीच्या व्यवस्थेशी घातलेली होती. सरकारला ती पसंत पडली नाही आणि अखेर ती सोडून द्यावी लागली.

१९ मे १९०४ रोजी जमशेटजी वारले. तोपर्यंत मंजुरी आलेली नव्हती. त्यांचे पुत्र दोराबजी आणि रतन यांनी वडिलांचा शब्द पाळला. म्हैसूर संस्थानाने १९०७ मध्ये सुमारे ३७१ एकर जमीन दिली, बांधकामासाठी आणि वार्षिक खर्चासाठीही रक्कम देऊ केली. २७ मे १९०९ रोजी संस्थेच्या स्थापनेचा सरकारी आदेश निघाला आणि जुलै १९११ मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले. पहिल्या शिष्टमंडळापासून मोजले तर साडेबारा वर्षे झाली.

यातून प्रशासनाने घ्यावयाचा धडा मला असा दिसतो. देणगीदार, संस्थान आणि केंद्र सरकार अशा तीन पक्षांनी मिळून संस्था उभारण्याचा तो प्रयोग होता. आज आपण ज्याला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतो तीच ही गोष्ट, आणि तिच्या वाटाघाटींची किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागली. पण एकदा आदेश निघाल्यावर त्यात कोणाचे काय कर्तव्य हे लेखी ठरलेले होते. म्हणून दाता गेल्यावरही संस्था उभी राहिली. टाटांनी संस्थेला आपले नाव देण्याचा आग्रह धरला नाही. तिचे अधिकृत नाव 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' असले तरी बंगळुरूचे सामान्य लोक आजही तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात.

न लिहिलेली अट

संस्थेचे पहिले विद्यार्थी दाखल झाले त्याच वर्षी, १९११ मध्ये, इंदूरला एका मराठी घरात एक मुलगी जन्मली. तिचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्राचे विद्यार्थी, आणि दोघेही बंगळुरूच्या याच संस्थेच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. ही मुलगी म्हणजे कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी.

१९३३ मध्ये कमलाताई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळुरूला संशोधनासाठी अर्ज केला. संचालकपदावर त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी आणि संस्थेचे पहिले भारतीय संचालक. त्यांनी अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते.

गांधीयुगात वाढलेल्या या तरुणीने नकार मुकाट्याने स्वीकारला नाही. स्त्रियांनी येथे संशोधन करू नये असा नियम कुठे आहे, हा तिचा सवाल होता. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम समाधानकारक असल्याची संचालकांची खात्री पटेपर्यंत त्या परीक्षणाखाली राहणार होत्या. आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये, हीही अट होती. शेवटची अट वाचताना आजही मान खाली जाते.

कमलाताईंनी एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. कुपोषण हा ज्या देशाचा रोजचा प्रश्न, त्या देशासाठी याहून उपयुक्त विषय कोणता असणार ? वर्ष सरल्यावर रामन यांचे समाधान झाले, त्या नियमित झाल्या, आणि त्यानंतर त्या संस्थेत इतर स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाताईंना एम.एस्सी. पदवी मिळाली.

पुढचा टप्पा केंब्रिजचा होता, आणि तिथे पुन्हा देणगीचा संबंध येतो. ज्या शिष्यवृत्त्यांच्या बळावर त्या १९३७ मध्ये इंग्लंडला गेल्या त्यांपैकी एक मुंबईचे एकोणिसाव्या शतकातील व्यापारी सर मंगळदास नथुभाई यांच्या नावाची होती. देणगीदार जाऊन कित्येक दशके लोटली होती. ही मुलगी कोण, हे त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण निधी होता, नियम होते, निवडीची पद्धत होती, आणि त्या पद्धतीने रक्कम योग्य हाती पडली. १९३९ मध्ये कमलाताईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींतील 'सायटोक्रोम सी' या घटकाविषयीचा त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

या दोन प्रसंगांची तुलना करावी असे मी वाचकांना सुचवीन. बंगळुरूला अर्ज अडला, कारण निर्णय एका थोर माणसाच्या हाती होता. मुंबईची शिष्यवृत्ती मिळाली, कारण निर्णय एका निधीच्या नियमांच्या हाती होता. थोर माणसांबद्दल आदर बाळगूनही प्रशासन त्यांच्या थोरपणावर सोपवून चालत नाही, ते यासाठी.

इतिहास येथे आणखी एक वळण घेतो. हेच रामन पुढे स्वतः अर्जदाराच्या बाजूला आले. संस्थेतून निवृत्त झाल्यावर १९४८ मध्ये त्यांनी बंगळुरूतच आपली स्वतंत्र संशोधन संस्था सुरू केली. सरकारी पैशाबरोबर सरकारी हुकूम येतात, अशी त्यांची धारणा होती. म्हणून ते देशभर फिरून देणग्या गोळा करत राहिले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर १९७२ पासून ती संस्था केंद्राच्या अनुदानावर चालू लागली. देणाऱ्याने अटी घालू नयेत असे वाटणारा माणूसही, द्यायची पाळी आली तेव्हा अटी घालून बसला होता. हा दोष एका व्यक्तीचा नव्हे. अधिकाराच्या खुर्चीचा तो स्वभावच आहे, आणि त्यावर उतारा एकच, लेखी निकष.

लहान रकमेची मोठी व्यवस्था

१९७५ मध्ये कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद स्थापन झाली. तिचे कार्यालय या संस्थेच्याच आवारात आहे. ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असे तंत्रज्ञान शोधण्याचा विचार त्या काळी अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी तेथे करत होते. त्याच वातावरणात, १९७७ च्या सुमारास, परिषदेने विद्यार्थी-प्रकल्प योजना सुरू केली. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी प्रकल्प तर करतोच. तो नुसता परीक्षेपुरता न राहता आसपासच्या एखाद्या खऱ्या अडचणीवर व्हावा, यासाठी त्याला थोडी रक्कम द्यायची, एवढीच कल्पना.

ही खासगी देणगी नव्हे, सरकारी पैसा आहे. पण अर्जाची रीत पाहण्यासारखी आहे. विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक मिळून प्रस्ताव तयार करतात, तो महाविद्यालयामार्फत जातो, तज्ज्ञ तो तपासतात, काम चालू असताना मध्येच एकदा पाहणी होते आणि वर्षअखेरीस निवडक प्रकल्पांचे राज्यस्तरीय प्रदर्शन भरते. प्रत्येक प्रकल्पाची रक्कम काही हजारांत असते. चार दशकांहून अधिक काळ ही योजना चालत आली, याचे श्रेय मी रकमेला देणार नाही. दरवर्षी ठरलेल्या वेळी येणाऱ्या अर्जाच्या सूचनेला देईन. कोणत्याही छोट्या गावातल्या महाविद्यालयाला ती सूचना वाचून अर्ज करता येतो, कोणाची ओळख लागत नाही.

अर्थात अडचणी आहेतच, आणि त्या देशभरच्या सर्व अनुदानांना लागू आहेत. विद्यापीठाचे वर्ष मे-जूनला संपते, सरकारचे ३१ मार्चला. मंजुरीला उशीर झाला की विद्यार्थ्याने बंगळुरूच्या एस. पी. रोडवरून सुटे भाग स्वतःच्या खिशातून आधीच आणलेले असतात आणि पैसे नंतर येतात. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो मोठा प्रकल्प हातीच घेत नाही. ही सुद्धा एक न लिहिलेली पात्रतेची अट झाली. दुसरी अडचण हिशेबाची. लाखोंच्या अनुदानाला आणि पाच हजारांच्या अनुदानाला उपयोगिता प्रमाणपत्राचे सारखेच सोपस्कार लावले, तर छोट्या रकमेचा अर्थच उरत नाही.

बाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी

आपल्यापैकी अनेकांना आपल्या जुन्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी काही द्यावेसे वाटते. त्यांच्यासाठी काही व्यावहारिक मुद्दे मांडतो.

एक, कायदा पाहावा. परदेशी देणग्यांवरील पहिला कायदा १९७६ चा. त्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली आणि २०२० मध्ये तो अधिक कडक झाला. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम 'परदेशी देणगी' ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड असले तरी ती परदेशी देणगी ठरते. मग घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत ठरवून दिलेले खाते हवे. शिवाय २०२० नंतर अशी रक्कम एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. मधली संस्था निवडण्याआधी हे नीट तपासावे.

दोन, पात्रता, निवड समिती आणि तारखा लेखी ठरवून घ्याव्यात, आणि नाकारलेल्या अर्जदाराला कारण कळवण्याची अट घालावी. कमलाताईंना आपल्या नकाराचे कारण कळले, म्हणून त्या त्याच्याशी झगडू शकल्या. कारणच न कळलेला अर्जदार कशाशी झगडणार ?

तीन, रक्कम आधी द्यावी, हिशेब सोपा मागावा. एक पानी खर्चपत्रक आणि प्रत्यक्ष तयार झालेले काम, एवढे पुरेसे आहे.

आणि अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच सांगणे. कर्झन यांचे ते दोन प्रश्न कोणीही विचारण्याआधी आपणच आपल्याला विचारावेत. या कामाची गरज कोणाला, आणि ते झाल्यावर ते कोण वापरणार ? ज्याच्या प्रस्तावात या दोन्हींची साधी, स्पष्ट उत्तरे असतात त्याचा कागद टेबलावर फार काळ पडून राहत नाही, हे अनेक वर्षे ते टेबल सांभाळल्यानंतर मी सांगतो आहे.