आपण कोणत्या बाजूचे होतो?

मुंबईत हल्ली रविवारी सकाळी किल्ल्यांचे ‘हेरिटेज वॉक’ निघतात. मागच्या हिवाळ्यात मुलाला घेऊन मी अशाच एका फेरीला गेलो. सुरुवात शिवडीच्या किल्ल्यापासून, मग हार्बर लाइनने वडाळ्याला गाडी बदलून माहीम.

शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८० मध्ये बांधला. टेकडीवरचा, आटोपशीर. खाली चिखलाची खाडी, तीत फ्लेमिंगो आणि पलीकडे निघालेला अटल सेतू. पहिल्या दरवाजातून आत शिरलं की दुसरा दरवाजा समोर दिसत नाही. तो काटकोनात ठेवलाय. धावून येणाऱ्या शत्रूचा जोर तिथंच मोडावा म्हणून. हे सगळं गाइडने छान समजावलं. मग खाडीकडे हात करून तो म्हणाला, “१६८९ मध्ये सिद्दी इथंच उतरला. मुसलमानांनी मुंबई जाळली.”

गट पुढे सरकला. मुलाने माझा हात ओढला, “अब्बा, तेव्हा आपण कोणत्या बाजूचे होतो?”

प्रश्न साधा होता, पण मला पटकन उत्तर सुचलं नाही.

सिद्दी उतरला हे खरं. माझगावचा किल्ला त्याने जाळला हेही खरं. त्याचा बचाव करण्याचं मला काही कारण नाही. पण तो आला कशासाठी? ईस्ट इंडिया कंपनीने व्यापारी सवलतींसाठी १६८६ मध्ये मुघलांशी युद्ध पुकारलं होतं. मुंबईचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याने मुघल प्रजेची व्यापारी जहाजं पकडायला सुरुवात केली. तेव्हा औरंगजेबाच्या आरमाराचं काम पाहणारा जंजिऱ्याचा सिद्दी कासम ऊर्फ याकूत खान मुंबईवर चालून आला. शिवडी, माझगाव, माहीम त्याच्या हाती गेलं आणि इंग्रज वर्षभर आपल्या कोटात कोंडले गेले. शेवटी कंपनीने बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला आणि १६९० मध्ये सिद्दी परत गेला. भांडण जकातीचं आणि जहाजांचं होतं. यात धर्म शोधायचा तर कुठे?

याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी विरोध केला, सिद्दी त्यांच्या मदतीला आला. समोर मराठा आरमाराचं नेतृत्व करत होता दौलत खान. म्हणजे एका बाजूला मुसलमान सिद्दी आणि ख्रिस्ती इंग्रज, दुसऱ्या बाजूला महाराज आणि त्यांचा मुसलमान आरमारप्रमुख. सिद्दीने पुढे शेजारचं उंदेरी बळकावलं, पण खांदेरी महाराजांकडेच राहिलं. आणि खांदेरीला खांद्याला खांदा लावून उभे असलेले सिद्दी आणि इंग्रज दहा वर्षांत मुंबईत एकमेकांच्या जिवावर उठले.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात खांदेरी आहे. आपल्याकडे आनंद झाला, व्हायलाच हवा. त्या आनंदात दौलत खानाचं नाव किती जणांनी घेतलं?

माहीमला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. किल्ल्याची भिंत समुद्राने खाल्लीय. आतल्या झोपड्यांत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना आता दुसरीकडे घरं देऊन किल्ला मोकळा केलाय. हे बेट एकेकाळी गुजरातच्या सुलतानांचं. १५३४ मध्ये बहादुरशहाने मुंबईची बेटं आणि वसई पोर्तुगीजांना दिली. का, तर हुमायूनची फौज अंगावर येत होती. एका मुसलमान बादशहाच्या भीतीने दुसऱ्या मुसलमान सुलतानाने फिरंग्यांचा हात धरला.

किल्ल्यापासून जवळच मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे. कुराणावर भाष्य लिहिणारे हे विद्वान १४३१ मध्ये वारले, पोर्तुगीज इथे यायच्या शंभर वर्षं आधी. आजही उरुसाचा पहिला संदल मुंबई पोलीस आणतात. फेरी दर्ग्यावरून गेली, पण थांबली नाही.

तिथं मी मुलाला सांगितलं, “बेटा, मुसलमान सगळ्याच बाजूंना होते. नाव सारखं असलं म्हणून बाजू एक होत नाही. सिद्दीच्या कामाची शरम तुला नको आणि गुर्मीही नको. आपण माझगावात ज्यांची घरं जळली त्यांच्या बाजूचे.”

निघताना गाइडला बाजूला घेऊन दौलत खानाबद्दल सांगितलं. पोरगा तरुण होता, प्रामाणिक होता. म्हणाला, “सर, हे मला कुणी सांगितलंच नाही.” त्याने मोबाइलमध्ये नाव टिपून घेतलं आणि स्पेलिंग दोनदा विचारलं.

मुलगा म्हणतो, पुढच्या फेरीला परत जाऊ आणि तो सांगतो का ते ऐकू. जाणार आहोत.